हद्दीवरचे गाव : रिसोडचा भूगोल, इतिहास आणि आपले कागद

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा विषय शोधायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही रोज माणसांची नावे, गावे आणि पत्ते लिहितो. बदलून आलेला प्रत्येक नवा अधिकारी पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो, “रिसोड म्हणजे नेमके विदर्भात की मराठवाड्यात?” आम्ही सांगतो, “विदर्भात, पण टोकाला.” या ‘टोकाला’ शब्दात आपल्या गावाचा निम्मा इतिहास आहे. गावातली तरुण मुले तो इतिहास जाणत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शाळेच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा काळ असतो, इंग्रजांचा काळ असतो. पण आपल्या शेजारच्या शिवारातून एकेकाळी दोन राज्यांची हद्द जात होती, हे पुस्तकात येत नाही. ती हद्द नकाशावरून गेली, तरी कागदपत्रांतून अजून पुरती गेलेली नाही. विद्यार्थ्यांना तिचा त्रास आजही होतो. म्हणून हा लेख.

गावाची जागा

रिसोड हे वाशीम जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातील तालुक्याचे गाव. पूर्वेला वाशीम तालुका, उत्तरेला मालेगाव, पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार हे तालुके, तर दक्षिणेला हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका. म्हणजे आपल्या तालुक्याला दोन परके जिल्हे लागून आहेत, आणि त्यांपैकी एक तर वेगळ्या महसूल विभागातला आहे. आपण अमरावती विभागात, सेनगाव छत्रपती संभाजीनगर विभागात.

वऱ्हाडाचे जुने दोन भाग लोक अजूनही सांगतात : पयानघाट आणि बालाघाट. पयानघाट म्हणजे अकोला, मूर्तिजापूरकडचे पूर्णा नदीचे सखल खोरे. बालाघाट म्हणजे त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेले पठार. आपण बालाघाटावर राहतो. या पठाराची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. पठाराच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावर पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. आपल्या रिसोडचे पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते.

पैनगंगा ही आपली मुख्य नदी. ती बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, मेहकरवरून रिसोड तालुक्यात येते, आणि पुढे वाशीम व हिंगोली जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते. आपल्याच तालुक्यात शेलगाव राजगुरेजवळ कास नदी तिला मिळते. जमीन काळी, खाली लाव्ह्याचा काळा पाषाण. पश्चिमेला लोणारचे सरोवर आहे, तेही याच पाषाणात अशनीच्या आघाताने पडलेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. २०२० साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. आपल्या गावापासून ते तासाभराच्या अंतरावर आहे, पण आपल्यातील कितीजण ते पाहून आले, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

पूर्वी या जमिनीत कापूस आणि ज्वारी असे. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने दोघांचीही जागा घेतली. हिंगोलीकडच्या हळदीचे पीकही आता इकडे आले असून रिसोडच्या बाजार समितीत हळदीचे सौदे होतात. पिकांना जिल्ह्याची हद्द कळत नाही, भाव बघून ती सरकतात. रेल्वे मात्र गावाला नाही. अकोला–पूर्णा हा लोहमार्ग वाशीम आणि हिंगोलीवरून जातो. २००८ साली तो रुंद झाला, तरी आपल्याला स्टेशन गाठायचे तर वाशीमच. रेल्वे दूर राहिलेले गाव एस. टी.वर जगते, आणि एस. टी.वर जगणारे गाव शेवटची गाडी कधी सुटते यावर आपला दिवस बेतते.

जुना काळ

गावाचे जुने नाव ‘ऋषिवट’ होते आणि त्यावरून रिसोड झाले, अशी परंपरा सांगते. गावात पिंगळाक्षी देवीचे आणि संत अमरदास बाबांचे स्थान आहे, तालुक्यात लोणीला सखाराम महाराजांचे संस्थान आहे, आणि तेथील यात्रेला हद्दीच्या दोन्ही बाजूंचे लोक येतात.

पक्क्या पुराव्याचा इतिहास शेजारच्या वाशीमपासून सुरू होतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. १९३९ साली वाशीमला सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने दिलेल्या एका गावाच्या दानाची नोंद आहे. ते गाव नांदीकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गावरचे होते. याचा अर्थ लक्षात घ्यावा. सोळाशे वर्षांपूर्वी वाशीमचा राजा नांदेडकडची जमीन दान देत होता; म्हणजे आज ज्याला आपण विदर्भ आणि मराठवाडा म्हणतो ते दोन्ही प्रदेश तेव्हा एका राज्यात होते. मधली रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती पुढे माणसांनी आखली.

याच वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली. सोळा क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघासाठी कोरविले, हे तेथील शिलालेखातच लिहिलेले आहे. आपल्या संस्थेतर्फे सहली जातात त्या बहुधा दीक्षाभूमीला किंवा अजिंठ्याला. अजिंठा पाहताना मुलांना एवढे सांगावे, की ज्या राज्याच्या मंत्र्याने हे लेणे दिले त्या राज्याची राजधानी आपल्या घरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर होती. ‘लांबचे’ वाटणारे अजिंठा मग लांबचे राहत नाही.

मोगलांनी १५९६ साली वऱ्हाड जिंकले. अकबराच्या दरबारातील नोंदींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशीमचे नाव आहे. पुढे अठराव्या शतकात हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले हे दोघेही या मुलखातून वसूल घेत. या कारभाराला लोक ‘दुअमली’ म्हणत. एका शेताला दोन मालक, आणि कसणाऱ्याला कोणीच नाही, असा तो काळ. १८०३ साली देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा हक्क गेला आणि वऱ्हाड एकट्या निजामाकडे आले.

१८५३ : रेघ कशी पडली

आता आपल्या विषयाचा गाभा. निजामाच्या संरक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी ‘हैदराबाद कंटिन्जन्ट’ नावाची फौज उभी केली होती. तिची एक छावणी हिंगोलीला होती. या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा होता. तो थकत गेला, थकबाकी वाढली. शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर वऱ्हाड हे कर्जापोटी ठेवलेले तारण होते. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाबरोबर नवा करार केला : वर्षाला २५ लाख रुपये देऊन कायमचा भाडेपट्टा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. तारण कधीच सुटले नाही, पण सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात नाव मात्र जुन्याच धन्याचे राहावे, तशातला हा प्रकार.

कागदावरच्या या व्यवहाराने जमिनीवर एक रेघ पडली. आपण रेघेच्या वरच्या बाजूला आलो, वऱ्हाडात. सेनगाव, हिंगोली, परभणी खालच्या बाजूला राहिले, निजामाच्या राज्यात. रिसोड हे सरहद्दीचे गाव झाले ते तेव्हापासून.

रेघ पडल्यावर पहिली काही वर्षे अशांत गेली. १८५७ च्या उठावानंतर रोहिल्यांच्या टोळ्या या सरहद्दीवर फिरत होत्या. १८५९ साली रिसोडजवळ चिचांबा येथे कंटिन्जन्ट फौजेची त्यांच्याशी लढाई झाली. चिचांबाभर आणि चिचांबापेन ही गावे आजही आपल्या तालुक्यात आहेत. सरहद्दीच्या गावाला असे दिवस वारंवार येतात. एका राज्यात लूट करून दुसऱ्या राज्यात पळून जाणे सोपे असते.

एका बांधाच्या दोन बाजू

आमच्या आजीचे माहेर सेनगावकडचे. ती लग्न होऊन रिसोडला आली तेव्हा तिकडे निजामाचे राज्य होते. ती शेवटपर्यंत म्हणायची, “आमी मोगलाईतले.” वऱ्हाडातील लोक निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणत. लहानपणी आम्हाला वाटे, की हे मोगल म्हणजे अकबर आणि औरंगजेब. मोठेपणी उलगडा झाला, की आजी एका देशातून दुसऱ्या देशात सासरी आली होती.

तिच्या आहेरातील रुपयांची गोष्ट ती फार रंगवून सांगे. निजामाच्या राज्यात त्याचे स्वतःचे नाणे चाले, त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. वऱ्हाडात इंग्रजांचा ‘कलदार’ रुपया चाले. सरकारी भाव असा होता, की १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. म्हणजेच सहा कलदाराला सात हाली. आजी म्हणायची, “माह्या बापानं सात दिले, इथं आल्यावर सहा झाले.” आम्ही बँकेत लागल्यावर हा हिशेब कागदावर करून पाहिला, तो चोख निघाला. शाळेत न गेलेल्या बाईला विनिमयाचा दर पाठ होता, कारण तिला तो सोसावा लागला होता.

पैशाप्रमाणेच बाकीच्या गोष्टीही दोन होत्या. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी मुख्य फरक येथे मांडतो.

जकात : निजामाच्या राज्यात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर जकात घेत. त्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत आणि हद्दीवर तिचे नाके असत. वाशीमहून हिंगोलीला जाताना पैनगंगेजवळ लागणाऱ्या गावाचे नाव आजही कनेरगाव नाका असे आहे.

भाषा : वऱ्हाडात शाळा मराठी, कचेरीत मराठी व इंग्रजी. निजामाच्या राज्यात १८८४ नंतर फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. घरात मराठी बोलणारा सेनगावचा शेतकरी आपल्याच शेताचा कागद वाचू शकत नसे.

वर्ष : वऱ्हाडात इंग्रजी तारीख. निजामाच्या राज्यात फसली सन, तो ऑक्टोबरात सुरू होई, आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी.

स्वातंत्र्य : १५ ऑगस्ट १९४७ रोजी रिसोड स्वतंत्र झाले. शेजारचा सेनगावचा मुलूख मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. तेरा महिने आणि दोन दिवस. या काळात रझाकारांच्या भीतीने तिकडची अनेक कुटुंबे वऱ्हाडात आली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची शिबिरे वऱ्हाडच्या हद्दीवर होती. त्यांपैकी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचे शिबिर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट साजरा होतो आणि हिंगोलीकडे १५ ऑगस्टबरोबर १७ सप्टेंबरही, त्याचे कारण हेच.

शिवेचा राखणदार

हद्दीचा विषय निघाला म्हणजे आपल्या समाजाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण हद्द सांभाळणे हेच काम गावगाड्याने आपल्या पूर्वजांवर सोपविले होते. गावची शीव कोठून कोठे जाते, कोणता दगड कोणत्या बांधाचा, ओढा कोठे फिरला, हे महाराला ठाऊक असणे हे त्याचे वतनी काम होते. दोन गावांत शिवेचा वाद झाला तर महाराची साक्ष प्रमाण धरीत. सरकारी माणूस आला की त्याला शीव दाखवायची, सारा कचेरीत पोचवायचा, रात्री गस्त घालायची. बदल्यात काय, तर बलुत्याची भाकरी आणि वेठ.

याचा विचार करताना आम्हाला नेहमी एक गोष्ट टोचते. गावाच्या प्रत्येक इंचाची हद्द ज्याला पाठ होती, त्याचे घर मात्र गावाबाहेर होते. ज्याची साक्ष दोन गावांचा तंटा मिटवी, त्याला चावडीवर बसता येत नसे. राज्यांच्या हद्दी बदलल्या, निजाम गेला, इंग्रज आला. पण गाव आणि महारवाडा यांच्यामधली हद्द ना पैनगंगेच्या अल्याड बदलली, ना पल्याड.

ती बदलण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. ते मुंबई इलाख्यापुरते होते, वऱ्हाडाला आणि मोगलाईला लागू होणारे नव्हते, पण त्यामागचा विचार हद्द ओलांडून आला : वतनाची भाकरी ही गुलामीची भाकरी आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूर येथे मराठवाड्यातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. निजामाच्या राज्यात बंदी असल्यामुळे इंग्रजी हद्दीतील जागा निवडली होती, असे सांगतात. लोक नदी ओलांडून आले. एरवी अडवणारी हद्द त्या दिवशी आडोसा म्हणून उपयोगी पडली. पुढे २७ नोव्हेंबर १९४७ रोजी निवेदन काढून बाबासाहेबांनी हैदराबाद संस्थानातील दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असे स्पष्ट बजावले. १९५० मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादला काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मोगलाईतल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले, आणि हद्दीच्या अल्याडची मुलेही त्या दारातून आत गेली.

१९५६ : अठरा दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती आणि रिसोड त्याच राज्यात होते. सेनगाव हैदराबाद राज्यात होते. म्हणजे दीक्षेला गेलेले रिसोडचे लोक स्वतःच्या राजधानीला गेले, आणि हिंगोलीकडचे लोक परराज्यात गेले. बरोबर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना होऊन विदर्भ व मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. एकशे तीन वर्षांची राज्यहद्द संपली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

जिल्ह्यांची अदलाबदल तेवढी चालू राहिली. इंग्रजांच्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशीम तालुका अकोल्याला जोडला. १ जुलै १९९८ रोजी, त्र्याण्णव वर्षांनी, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पलीकडे १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे घेतले, त्यांत वाशीम आहे. ‘आकांक्षित’ हा शब्द गोड आहे. त्याचा सरळ अर्थ मागे राहिलेला. प्रत्येक राज्याच्या, प्रांताच्या आणि विभागाच्या टोकाला राहिल्याची किंमत ती हीच.

कागदात उरलेली हद्द

राज्यहद्द १९५६ ला पुसली गेली, पण कचेऱ्यांतल्या याद्या त्या दिवशी बदलल्या नाहीत. आंध समाजाचे उदाहरण पाहा. हा समाज हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहतो, सोयरिकी होतात. पण अनुसूचित जमातींच्या याद्या जुन्या राज्यांप्रमाणे क्षेत्राचे बंधन घालून केलेल्या होत्या. परभणी जिल्ह्यातील आंधांना सवलती होत्या, अकोला जिल्ह्यातील आंधांना नव्हत्या. एका घरातली बहीण आदिवासी आणि भाऊ नाही, अशी स्थिती. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. मधली वीस वर्षे गेली ती गेलीच.

बँकांचेही तेच. मराठवाड्यात हैदराबाद स्टेट बँक, जी १९४१ साली निजामाच्या राज्यात निघाली. ती २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. ग्रामीण बँका तर अगदी परवापर्यंत दोन होत्या, इकडे विदर्भ कोकण, तिकडे महाराष्ट्र ग्रामीण बँक. १ मे २०२५ पासून त्या एक झाल्या. तारणाच्या व्यवहारातून १८५३ ला पडलेली रेघ बँकेच्या खात्यातून पुसायला एकशे बहात्तर वर्षे लागली.

आता आपल्या मुलांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, वडिलांकडील पूर्वजांचे जातीचे व रहिवासाचे पुरावे द्यावे लागतात. १९५० साली आपली हद्द जिवंत होती. ज्यांचे आजोबा-पणजोबा मोगलाईतून आले, त्यांचे जुने कागद उर्दूत आणि फसली सनात आहेत.

आमच्या वस्तीतील एका विद्यार्थिनीचे असेच झाले. पणजोबांचा एकमेव जुना कागद उर्दूत होता. त्याच्या भाषांतरात पणजोबांच्या नावातील ‘स’चा ‘श’ झाला होता. उर्दूत सीन आणि शीन या अक्षरांत फक्त तीन नुक्त्यांचा फरक असतो, आणि जुन्या घाईच्या लिखाणात नुक्ते गळतात. आजोबांच्या इकडच्या शाळेच्या दाखल्यात ‘स’ होता. दोन कागदांत दोन नावे म्हणून प्रकरण अडकले. गावातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी संध्याकाळी चष्मा पुसून तो कागद तीनदा वाचला, आणि त्याच लेखकाच्या हातचे दुसरे शब्द दाखवून नुक्ते कसे सुटले आहेत ते लिहून दिले. पुढे प्रमाणपत्र मिळाले, पण प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले. तिच्या पणजोबांनी जी हद्द पायी ओलांडली, ती तिला पंचाहत्तर वर्षांनी कागदावर ओलांडावी लागली.

विद्यार्थी मित्रांनो, हे करा

बारावीचे वर्ष येण्याआधीच पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

एक : घरातील वृद्ध माणसाजवळ बसून चार पिढ्यांची वंशावळ लिहून काढा. कोण कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी आले, तेही लिहा. आजी गेल्यावर हे सांगणारे कोणी नसते.

दोन : पूर्वज वऱ्हाडातले असतील तर तहसील कचेरीत कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची, नक्कल मागा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या. काही जुने कागद मोडी लिपीत असतात. ते वाचणारी माणसे अजून मिळतात.

तीन : पूर्वज मोगलाईतले असतील तर त्या तालुक्याच्या कचेरीत खासरा पत्रक आणि त्याआधीची उर्दू कागदपत्रे पाहा. १९५४-५५ चे खासरा पत्रक ठरलेल्या तारखेनंतरचे आहे, पण त्यातील नावावरून मागचा कागद शोधता येतो.

चार : फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावेत. उदा. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. कागदावरचा ‘१३४५’ हा आकडा पाहून घाबरू नका.

पाच : उर्दूचे भाषांतर करून घेताना नावांची तुलना घरातील दुसऱ्या कागदांशी करून मगच सही घ्या. एका नुक्त्याची किंमत एक वर्ष असू शकते.

सहा : पूर्वजांचे गाव आजच्या महाराष्ट्रात आहे याची खात्री करा. सेनगाव, परभणी, नांदेड तेव्हा हैदराबादमध्ये असले तरी आज महाराष्ट्रातच आहेत, त्यामुळे ते चालते. जुन्या हैदराबादचे जे तालुके आज तेलंगणात किंवा कर्नाटकात आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

आपल्या संस्थेने असे जुने कागद वाचून देण्यासाठी महिन्यातून एक रविवार ठेवावा, असेही आम्ही या लेखाच्या निमित्ताने सुचवितो. उर्दू आणि मोडी जाणणारी वडील मंडळी गावात अजून आहेत. बँकेचा हिशेब सांभाळून आम्ही त्या रविवारी वंशावळी लिहून घ्यायला बसू.

समारोप

आपले पूर्वज शिवेचे राखणदार होते. त्यांना शीव पाठ होती, पण लिहिता येत नव्हती. म्हणून त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कागद तेवढा उरला. आज आपल्याला लिहिता-वाचता येते. आपले गाव कोठे आहे, ते टोकाला का राहिले, आपला पणजोबा कोणत्या बांधावरून इकडे आला, हे आपणच लिहून ठेवले पाहिजे. आमची आजी सातचे सहा झाल्याचे दुःख सांगत गेली. तिच्या पणतीला निदान तो हिशेब का झाला, हे ठाऊक असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.